स्वयंप्रकाश आणि स्वयंप्रकाशन

ग्रंथ छापून वाचकांपुढे ठेवण्याला मराठीत ‘प्रकाशन’ म्हणतात. शब्द दर्शनशास्त्राच्या घरातला आहे. तिथे प्रकाश म्हणजे एखादी वस्तू जाणिवेच्या टप्प्यात येणे. अंधारातला घट दिव्यामुळे दिसतो, म्हणून दिवा प्रकाशक आणि घट प्रकाश्य. दिवा पाहायला मात्र दुसरा दिवा पेटवावा लागत नाही, तो स्वयंप्रकाश. वेदान्ताने हे विशेषण आत्म्याला लावले. अलीकडे लेखकाने मध्ये कुणाला न घेता आपले पुस्तक आपणच बाजारात आणण्याला ‘स्वयंप्रकाशन’ म्हटले जाऊ लागले, तेव्हा नाव ठेवणाऱ्यांच्या मनात वेदान्त असण्याची शक्यता कमीच. तरी शब्दाने नेमक्या प्रश्नावर बोट ठेवले आहे. कादंबरी स्वतःच्या उजेडात दिसते, की तिला दाखवायला दुसरे कुणी लागते?

या प्रश्नाला चिकटून दुसरा एक येतो. ती कादंबरी चांगली आहे हे कुणी ठरवायचे? ई-पुस्तक की छापील, स्वतः की प्रकाशकामार्फत, या वादात हे दोन प्रश्न एकात एक मिसळतात आणि वाद तिथेच अडतो. भारतीय दर्शनांनी ते फार पूर्वी वेगळे केले होते. एक प्रकाशाचा, दुसरा प्रामाण्याचा.

आधी व्यवहार पाहू, तोही भुसावळसारख्या गावात राहून कादंबरी लिहिणाऱ्याच्या जागेवरून. भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन. मुंबईहून आलेली वाट इथे फुटते. एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खंडवा-इटारसीकडे. मुंबई इथून सुमारे ४४० किलोमीटर. मराठी कादंबरीच्या बाबतीत हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. मोठे मराठी प्रकाशक पुण्या-मुंबईत आहेत, त्यामुळे रेल्वेतली, आयुधनिर्माणीतली किंवा दीपनगरच्या वीजकेंद्रातली नोकरी सांभाळून रात्री लिहिणाऱ्याचे बाड आधी प्रवासाला निघते. ते वाचले जाईल की नाही, वाचले तर केव्हा, नकार आला तर कारण कळेल की नाही, यांतले काहीच लेखकाच्या हातात नसते. स्वीकारले गेले तर संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई असा क्रम सुरू होतो. मराठी कादंबरीची आवृत्ती वर्षानुवर्षे हजार प्रतींची धरली जाई; आता अनेकदा त्याहूनही कमी. मानधन साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास, तेही प्रती खपल्यावर. खपाचा मोठा आधार ग्रंथालये. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा, आणि त्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये हजारो. अनुदान रखडले की प्रकाशकाचा हात आखडतो आणि नव्या लेखकाचे बाड आणखी वर्षभर कपाटात राहते.

दुसरी वाट डिसेंबर २०१६नंतर रुंद झाली. त्या महिन्यात अॅमेझॉनने किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम आणि मराठी पुस्तके आणली. पुढे या भाषांतल्या लेखकाला स्वतःचे पुस्तक थेट चढवण्याची सोय मिळाली. मानधनाचे दर दोन, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर वरचा दर हवा तर ते ई-पुस्तक ९० दिवसांच्या टप्प्यांनी केवळ त्याच दुकानाला द्यावे लागते. प्रकाशकाची मक्तेदारी मोडायला निघालेला लेखक इथे दुसऱ्या मक्तेदाराच्या करारावर बोट ठेवतो, आणि बहुधा तो न वाचता. बंगळुरूत २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीवर कादंबरी प्रकरणाप्रकरणाने टाकता येते आणि वाचक खाली लगेच बोलतो. ही रीत मात्र नवी नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, ते स्वतः संपादित केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने वाचकांना दिल्या. मराठी कादंबरीला प्रौढ करणारा पहिला मोठा लेखक या अर्थाने आपला प्रकाशक आपणच होता.

ई-पुस्तक करताना मराठी लेखकाला एक खास अडचण येते, ती इंग्रजीतल्याला येत नाही. वर्षानुवर्षे मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकला गेला. युनिकोडमध्ये आणताना त्याचे काने-मात्रे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, जोडाक्षरे सुटी होतात. तीनशे पानांची कादंबरी पुन्हा ओळीओळीने तपासावी लागते. हे काम करणारा मुद्रितशोधक पूर्वी प्रकाशकाच्या पगारावर असे. आता तो लेखकाच्या खिशावर, किंवा मुळीच नाही.

इतका व्यवहार. आता प्रामाण्य.

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून, या प्रश्नावर मीमांसा दर्शनाचे मीमांसक आणि न्यायदर्शनाचे नैयायिक शतकानुशतके भांडले. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाच्या ‘श्लोकवार्तिका’त मीमांसेची बाजू मांडली आहे ती अशी. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःचे असते, ते बाहेरून येत नाही. बाहेरून येते ते अप्रामाण्य, आणि तेही दोनच वाटांनी: ज्ञान ज्या कारणांनी उपजले त्यांत दोष सापडला, किंवा त्याला खोडणारे दुसरे ज्ञान झाले, तर. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ज्ञान आधी नुसते ज्ञान असते. ते खरे की खोटे हे नंतर, दुसऱ्या कशाने तरी ठरते. पहिल्या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात, दुसऱ्याला परतःप्रामाण्य.

कादंबरी हे विधान नव्हे. तिला खरे-खोटे या मापाने मोजता येत नाही, म्हणून इथे जपून चालले पाहिजे. तरी वादाची चौकट कामाला येते. ई-पुस्तकाची व्यवस्था मीमांसकाच्या वळणाने चालते. पुस्तक पुढे आले की ते ग्राह्य. दोष नंतर कुणी दाखवावा. प्रकाशनसंस्थेची व्यवस्था नैयायिकाच्या वळणाची. बाड हे नुसते बाड. दुसऱ्याने पारखले, पैसे लावले, शिक्का मारला की पुस्तक. मराठी साहित्यव्यवहारात ही दुसरी सवय इतकी मुरलेली आहे की ‘कुणी काढलंय?’ हा पुस्तकाबद्दलचा पहिला प्रश्न असतो आणि ‘स्वतःच काढलंय’ हे उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्न येत नाही.

शासनही याच सवयीचे निघाले. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकांसाठी जुलै २०१८मध्ये जो दर ठरला तो असा: छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के, नसलेल्यावर १८. ज्याला कागदाचा जामीन आहे त्याच्यावर सरकारचा विश्वास तिपटीहून जास्त. न्यायदर्शनाचे इतके कडक पालन नैयायिकांच्या मिथिलेतही झाले नसेल.

परतःप्रामाण्यावर मीमांसकांचा मोठा आक्षेप अनवस्थेचा. पहिल्या ज्ञानाला दुसरे खरे ठरवणार, तर दुसऱ्याला कोण? तिसरे, तिसऱ्याला चौथे. कादंबरीला प्रकाशक प्रमाण मानतो, तर प्रकाशकाला प्रमाण कोण मानतो? त्याची आधीची पुस्तके. त्यांना कोण? समीक्षक, पुरस्कार समित्या. आणि त्यांना? साखळी कुठे थांबत नाही. नैयायिकांकडे यावर उत्तर आहे आणि ते चांगले आहे. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्याच्या आरंभीच ते येते. ज्ञानाची परीक्षा त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशात होते. दुरून पाणी दिसले, माणूस गेला, प्याला, तहान भागली. पुढे कुणी विचारत नाही. हे नीट पाहिले तर नैयायिकाचे ‘पर’ म्हणजे अधिकाराच्या खुर्चीवरचा माणूस ठरत नाही. ते प्यायलेले पाणी आहे. कादंबरीच्या बाबतीत ते वाचन. प्रकाशक हा न्यायाचा खरा साक्षीदार नाही. तो दुरून ‘तिकडे पाणी आहे’ असे सांगणारा वाटसरू आहे.

अशा वाटसरूचे ऐकावे का, यालाही शास्त्रात जागा आहे. तो आप्त असेल तर ऐकावे. आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः पाहिली आहे आणि जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत यांच्यासारख्या संपादकावर लेखकांनी आणि वाचकांनी दोन पिढ्या विश्वास टाकला तो याच अर्थाने. त्यांनी पाहिले आहे, हे ठाऊक होते. उलट लेखकाकडूनच छपाईचा खर्च घेऊन आपले नाव पुस्तकावर घालणारा प्रकाशक ही आज जिल्ह्याजिल्ह्यांत आढळणारी गोष्ट आहे. त्याने बाड वाचलेले नसते, आणि न वाचता चांगले म्हणण्याचे पैसे घेतलेले असतात. आप्तत्वाच्या दोन्ही अटी तो मोडतो. स्वतःचे ई-पुस्तक काढणाऱ्याकडे नाक मुरडून पाहणारे वाचक अशा विकत घेतलेल्या शिक्क्यापुढे मान डोलावतात, ही विसंगती मोठी आहे. पदरमोड दोघांनीही केलेली असते. एकाने ती लपवलेली नसते एवढेच.

नकार देणारा चुकतो तेव्हा काय होते, याचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण जोतीराव फुल्यांचे. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी १८५५ साली दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. ते नाकारले गेले, हे पुढे त्यांनीच नोंदवून ठेवले. छापील रूपात ते १९७९ साली आले, सव्वाशे वर्षे उशिरा. ‘गुलामगिरी’साठी १८७३ साली त्यांनी कुणाच्या दारात उभे राहणे पत्करले नाही, पुस्तक स्वतःच काढले. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले तेव्हा ‘दीनबंधू’ हे आपल्याच चळवळीचे पत्र हाताशी होते. पहिली दोन प्रकरणे छापल्यावर तेही कचरले. दारावरचा माणूस आपला असला म्हणून दार उघडे राहतेच असे नाही.

म्हणून स्वयंप्रकाशनाच्या बाजूने मांडलेला प्रामाण्याचा युक्तिवाद टिकतो. कादंबरीचे मोल शिक्क्याने उपजत नाही. ते असेल तर आधीच असते, नसेल तर कुणाच्याही बोधचिन्हाने येत नाही. एवढे मान्य झाल्यावर स्वयंप्रकाशनवाले एक पाऊल पुढे टाकतात आणि तिथे घसरतात. मोल स्वतःचे आहे, तेव्हा पुस्तक स्वतःच उजेडात येईल, असे ते धरून चालतात.

कुमारिलाने हे पाऊल टाकले नव्हते. त्याच्या दर्शनातली ही गोष्ट चमत्कारिक आणि फार उपयोगाची आहे. ज्ञान स्वतः प्रमाण आहे असे म्हणणारा कुमारिल ज्ञान स्वयंप्रकाश आहे हे मात्र नाकारतो. त्याच्या मते ज्ञान स्वतःला दाखवत नाही. वस्तू ‘कळलेली’ झाली, तिच्यावर ज्ञाततेचा धर्म आला, की त्यावरून ज्ञान झाले होते असे अनुमान करावे लागते. त्याच मीमांसेतले प्राभाकर ज्ञानाला स्वयंप्रकाश मानतात, वेदान्तीही मानतात, भाट्ट, म्हणजे कुमारिलाच्या मताचे मीमांसक मानत नाहीत. मोल आपले, उजेड मात्र दुसऱ्याकडून, अशी ही भूमिका. ग्रंथव्यवहाराला तिच्याइतकी लागू पडणारी दुसरी नाही, आणि तिचा दाखला भुसावळच्या खानदेशातच आहे.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या लेवा गणबोलीत ओव्या रचत आणि म्हणत. ऐकणारे घरचे आणि भोवतालचे. काही रचना मुलगा सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी टिपून घेतल्या. न टिपलेल्या किती गेल्या याचा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. सोपानदेव स्वतः कवी. आईच्या मृत्यूनंतर त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून निघाली. २०१८पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

या क्रमाकडे मीमांसकाच्या डोळ्याने पाहावे. गाण्यांचे मोल १९५२ साली उपजले का? अत्र्यांच्या शिफारशीने? असे कुणीही म्हणणार नाही. ते जात्यापाशीच पुरे होते. पण लिहून घेणारा मुलगा नसता तर ते मोल शिवारातच विरले असते, जसे न टिपलेल्या गाण्यांचे विरले. सोपानदेवांनी गाण्यांत मोल घातले नाही आणि अत्र्यांनी त्यांना प्रमाणपत्र दिले असे म्हणणेही तोकडे आहे. दोघांनी दिवा धरला. हे काम कमी महत्त्वाचे नाही, आणि प्रामाण्य देण्याहून ते वेगळे आहे.

खानदेशात असा दुसऱ्याने धरलेला दिवा आणखी एकदा दिसतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा अध्याय झाले. बोलणारा बोलून मोकळा. ते शब्द पकडून ठेवले साने गुरुजींनी. ते अमळनेरला शिक्षक होते, आणि त्याआधी तिथल्याच तत्त्वज्ञान मंदिरात विद्यार्थी. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा झाला. फळावर हक्क न सांगता कर्म करण्याचा विषय, आणि वक्त्याने लेखनावरचाही हक्क सोडलेला. स्वयंप्रकाशनाच्या अगदी दुसऱ्या टोकाची ही घटना म्हणावी लागेल.

कादंबरीचा दाखला तापीपलीकडच्या सांगवीचा, यावल तालुक्यातला. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली निघाली तेव्हा ते पंचविशीत होते. ती काढली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने, म्हणजे ज्या घराने चारच वर्षांपूर्वी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ काढली होती त्यानेच. या दोन कादंबऱ्यांत भाषेचे, सुराचे, माणसाकडे पाहण्याचे जे अंतर आहे ते ध्यानात घेतले तर रा. ज. देशमुखांनी काय केले हे कळते. रूढ कसोटीवर ‘कोसला’ पास झाली म्हणून ती छापली गेली असे मानायला जागा नाही. त्या कसोट्या तिला लागूच नव्हत्या. प्रकाशकाने आपले पैसे आणि ‘ययाति’वर कमावलेली पत एका अनोळखी मुलावर लावली. चांगला प्रकाशक करतो ते हे. आपल्या नावाने तो दुसऱ्याच्या पुस्तकावर उजेड पाडतो, आणि पुस्तक फसले तर अंधार त्याच्याही वाट्याला येतो. पुढे नेमाड्यांनी ‘लेखकराव’ होण्यावर सडकून लिहिले, प्रकाशनव्यवहाराला शालजोडीतले दिले. तरी त्यांच्या कादंबऱ्या प्रकाशकांकडूनच आल्या, आणि २०१० साली आलेली ‘हिंदू’ पॉप्युलर प्रकाशनाने काढली.

ई-दुकानात पुस्तक चढवणे म्हणजे त्याला या अर्थाने प्रकाश मिळणे नव्हे. ते एका अफाट कोठारात ठेवले जाते. तिथले दिवे यंत्राच्या हिशेबाने लागतात: जे विकले जाते तेच पुढे दाखवले जाते, आणि जे दाखवले जाते तेच विकले जाते. सप्टेंबर २०२३मध्ये अॅमेझॉनला एका लेखकाने दिवसाला तीनपेक्षा जास्त नवी पुस्तके चढवू नयेत असा नियम करावा लागला, कारण यंत्राने लिहिलेला मजकूर लोटला होता. दिवसाला तीन ही मर्यादा ठरते, यावरून मर्यादेआधीची कल्पना करता येते.

दिवा धरणारा कधी मजकुरालाही हात लावतो, आणि मग संपादनाचा धार्मिक म्हणावा असा प्रश्न उभा राहतो. ज्ञानेश्वरी रचली गेली शके १२१२मध्ये. तीनशे वर्षांत प्रती करणाऱ्यांच्या हातून तिच्यात पाठभेद आणि पदरच्या ओव्या शिरल्या. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये अशी सक्त ताकीद शेवटी लिहून ठेवली. स्वतः मोठा कवी असून एकनाथांनी आपली एकही ओवी ज्ञानेश्वरीत सरकवली नाही. संपादकाचा धर्म याहून थोडक्यात सांगता येत नाही. ई-कादंबरीचे उलटे आहे. लेखक चढवलेली फाइल कधीही बदलू शकतो; एका वाचकाने वाचलेला शेवट दुसऱ्याला मिळेलच असे नाही. चुका दुरुस्त करायला हे वरदान आहे. पण पाठ स्थिर होण्याला जो निरोप लागतो, हे आता माझे उरले नाही असा, तो लांबतच जातो.

खानदेशी लेखकाला संपादकाची दुसरी भीती असते आणि ती खोटी नाही. अहिराणी किंवा लेवा गणबोलीतले संवाद पुण्यात ‘सुधारले’ जातात, निदान तळटिपांनी वेढले जातात. ई-पुस्तकात बोली जशीच्या तशी राहते. तशीच तिच्याबरोबर संपादकाने काढायला हवी होती ती सत्तर पानेही राहतात.

किंमत हा दर्शनापेक्षा धर्मशास्त्राचा भाग. विद्या विकणे तिथे हीन मानले आहे. वेतन घेऊन शिकवणाऱ्याला मनुस्मृती श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते. पोथी लिहवून दान देणे मात्र पुण्याचे. जैन परंपरेत शास्त्रदानाला मोठी जागा आहे आणि तिच्या भांडारांमुळेच असंख्य हस्तलिखिते टिकली. आजच्या मराठीत या जुन्या दानाच्या जवळ जाणारे काम ई साहित्य प्रतिष्ठान करते. तिथली ई-पुस्तके वाचकाला विनामूल्य मिळतात. लेखकाला पैसा मिळत नाही, वाचक मिळतो. दानाचा हा आनंद खरा असला तरी ज्याचे पोट दुसऱ्या नोकरीवर भरते त्यालाच तो परवडतो, आणि मराठीत बहुतेक कादंबरीकार तसेच असल्यामुळे हा व्यवहार चालू राहतो. गंमत अशी की विक्रीची लाज बाळगणाऱ्या परंपरेनेच फलश्रुती हा प्रकार रूढ केला: हा ग्रंथ वाचणाऱ्याला पुत्र, धन, मोक्ष मिळेल. मलपृष्ठावरच्या मजकुराचे कूळ शोधायचे तर ते इथे सापडेल, आणि त्या मानाने आजचे प्रकाशक फारच मोघम आश्वासने देतात.

ग्रंथ ही वस्तू म्हणूनही पूज्य असते. फेब्रुवारी २०२४मध्ये अमळनेरला ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा संमेलनांचा आरंभ ग्रंथदिंडीने होतो. पालखीत पुस्तके असतात. पालखीत फोन ठेवून मिरवणे हास्यास्पद वाटेल, आणि का वाटेल हे सांगणे सोपे नाही. शब्दांना ब्रह्म मानणाऱ्याने कागद आणि काच यांत भेद करू नये. पण पालखीतले पुस्तक दिंडीनंतरही तेच पुस्तक राहते. फोनमध्ये मात्र आज कादंबरी, उद्या विजेचे बिल. वस्तूची निष्ठा एका ग्रंथाला वाहिलेली असते, तिला नमस्कार होतो.

टिकण्याचा प्रश्न याला जोडून येतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही कथा श्रद्धेची. अभंग लोकांना पाठ होते, तीच खरी तरलेली गाथा, हे तिचे दुसरे वाचनही रूढ आहे. दोन्ही वाचनांत तरण्याचे साधन लेखकाच्या हाती नाही. पहिल्यात ते विठ्ठलाचे, दुसऱ्यात गावोगावच्या गळ्यांचे. १८६९ ते १८७३मध्ये सरकारी खर्चाने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचे दोन खंड निघाले, तेही या गळ्यांनी आणि वह्यांनी ती जपली म्हणून. ई-पुस्तकाची एकच प्रत अनेक ठिकाणी दिसते आणि एकाच ठिकाणाहून मिटते. जुलै २००९मध्ये हक्कांच्या घोळामुळे जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या वाचकांनी विकत घेतलेल्या किंडलांतून परस्पर पुसल्या गेल्या; त्यांतली एक ‘१९८४’ होती. विकत मिळतो तो वाचण्याचा परवाना, पुस्तक नव्हे. भुसावळच्या रद्दीवाल्याकडे चाळीस वर्षांपूर्वीची कादंबरी मिळू शकते. बंद पडलेल्या दुकानाच्या ई-पुस्तकाला रद्दीवाला नाही.

राहिला वाचक. आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त यांनी काव्याचे अंतिम प्रमाण सहृदयात ठेवले: काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे असा वाचक. असा वाचक समोर नसेल तर? विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या आरंभी त्यावर तोडगा सुचवला. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, तेव्हा समानधर्मा कधीतरी कुठेतरी जन्मेल. स्वयंप्रकाशित लेखकाला याहून मोठा आधार नाही, कारण ई-दुकानातली फळी कधी भरत नाही आणि पुस्तक तिथून परत येत नाही. प्रकाशकाला मात्र भवभूतीच्या हिशेबाने धंदा करता येत नाही; त्याला समानधर्मा याच आर्थिक वर्षात हवा असतो.

भुसावळच्या पूर्वेला तापी आणि पूर्णा मिळतात तिथे चांगदेव नावाचे गाव आहे, आणि जवळच मुक्ताईचे कोथळी. चांगदेवांची कथा या भागात सगळ्यांना ठाऊक असते. दीर्घ तपस्येचे अभिमानी चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले. वयाने लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा. अधिकाराने मोठे, म्हणून नमस्कार लिहावा. मायना सुचेना. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. कागद पाहून मुक्ताबाईने इतकी तपे करूनही हे कोरेच राहिले असे म्हटले, असे सांगतात. कुणासाठी लिहायचे हे न ठरल्याने अडलेल्या लेखणीची मराठीतली ही बहुधा सर्वांत जुनी गोष्ट. प्रकाशकामार्फत लिहिणाऱ्याला मायना आयता मिळतो: आधी संपादक, मग त्याच्या डोळ्यांपुढचा वाचक. स्वतः काढणाऱ्याला तो आपल्यालाच ठरवावा लागतो, आणि न ठरवताही पुस्तक चढवता येते. चांगदेवांचा कागद मात्र वाया गेला नाही. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्याला उत्तर लिहिले. त्या पासष्ट ओव्यांना चांगदेव पासष्टी म्हणतात. ग्रंथाला नाव मिळाले ते लिहिणाऱ्याचे नव्हे, कोरा कागद पाठवणाऱ्याचे.